एक वीत, दोन बोटं

खिवा, ३ मार्च

आदरणीय इंतिझोर यांस,

आपण ताश्कंदहून आमच्या मोहल्ला समितीला पाठवलेलं पत्र मिळालं. नऊ माणसं, त्यांतली पाच चाकांच्या खुर्चीवर, एप्रिलच्या अठरा आणि एकोणीस तारखेला तटाच्या आतलं जुनं शहर पाहायला येणार. खिसा हलका आहे, सोबत उचलणारं कोणी नाही. तरी कोणत्या गल्लीत पायऱ्या आहेत, कुठे चढ आहे, कुठलं दार अरुंद आहे ते कळवावं, असं आपण विचारलं आहे. समितीचे अध्यक्ष कुवांदिक यांनी ते पत्र चहाखान्यात मोठ्याने वाचलं आणि हे काम कोण करील म्हणून विचारलं. सगळे आपापल्या पियालीत बघत बसले. तेव्हा खाली सही करणाऱ्याने ते अंगावर घेतलं.

खाली सही करणारा या शहरात बासष्ट वर्षं राहतो, दारं आणि खांब कोरतो, आणि गल्लीन् गल्ली त्याला पाठ आहे. त्यामुळे उत्तर लगेच देता येतं. पूर्वेच्या दरवाजापासून पश्चिमेच्या दरवाजापर्यंत रस्ता सरळ आणि सपाट आहे. अडचण काही नाही. निर्धास्त यावं.

समितीच्या वतीने,
मत्याकूब उस्ता

ता.क. कुवांदिकने तुझं नाव दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून वाचलं. त्याच्या मिशांतलं हसू मला चांगलं माहीत आहे.

ता.क. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. आई बरी आहे. पण ते तुला ठाऊकच असणार, कारण तुम्ही दोघी रोज बोलता आणि मी अंगणात आलो की ती फोन घेऊन तुतीच्या झाडामागे जाते. या वयात ती लपते आणि मी शोधतो.

खिवा, ९ मार्च

इंतिझोर,

आधीच्या पत्रातलं ‘सपाट’ खोडून टाक.

झालं असं की, पत्र पोस्टात टाकून परत येताना वाटलं, एकदा बघून तरी घ्यावं. ओयजमोल काकूंचा नवरा शेवटची दोन वर्षं ज्या खुर्चीवर होता ती त्यांच्या तंदूरमागे पडली होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मागून आणली, धुतली, चाकांना तेल घातलं आणि रिकामीच ढकलत पूर्वेच्या दरवाजातून आत निघालो. बाजारातल्या बायकांना तेवढंच हवं होतं.

“उस्ता, कुणाला सांडून आलास रे?”

“तुझ्या सासूला,” मी म्हटलं. “उचलायला जा, नाहीतर बोंबलेल.”

त्या हसल्या, मीही हसलो. पन्नास पावलांवर माझं हसू संपलं. पुढची छोटी चाकं विटांच्या फटीत अडकली आणि खुर्ची जागच्या जागी आडवी झाली. तिथून पश्चिमेच्या दरवाजापर्यंत ती एकवीस वेळा अडली. मोजलंय मी. ज्या रस्त्याला जन्मभर सपाट म्हणत आलो, त्यात एकवीस ठिकाणी.

कुवांदिक म्हणाला, “रिकामी खुर्ची उडणारच. वजन ठेव.” म्हणून पिठाचं पोतं ठेवलं. गटारावरच्या लोखंडी जाळीत चाक गेलं आणि पोतं तोंडावर पडलं. अर्धी गल्ली पांढरी झाली. चिमण्यांची चंगळ झाली आणि तुझ्या आईने मला संध्याकाळपर्यंत चहा दिला नाही.

पडलेल्या पोत्याकडे बघत मी बराच वेळ उभा होतो. दवाखान्यातून आल्यावर चार वर्षं तुला याच रस्त्याने मीच नेत होतो की. मग मला हे कसं दिसलं नाही? घरी येताना लक्षात आलं. जिथे अडायचं तिथे मी तुला खुर्चीसकट उचलायचो. रस्ता बघायची वेळच माझ्यावर कधी आली नाही.

असो. कामाचं लिहितो. पश्चिमेकडून येऊ नका, तिकडे चढ आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की पूर्वेच्या दरवाजापर्यंत झाडांखालून रुंद रस्ता आहे, तुमच्या चाकांनी अर्धा तास. गाडी करायची गरज नाही. दरवाजातून आत आलं की डावीकडे गुम्मा तळणारी म्हातारी बसते. तिच्याकडे दोन गुम्म्यांत एकाचं जेवण होतं. तिच्या पुढची जाळी टाळा. तिच्यावर अजून पीठ आहे, ओळखू येईल.

मत्याकूब

खिवा, १६ मार्च

इंतिझोर,

तुझं पत्र आलं. समितीच्या नावाने आलं, म्हणून कुवांदिकने ते पुन्हा चहाखान्यात वाचलं. वाचायला होतंच काय? चार ओळी. ‘सपाट म्हणजे किती, जाळ्यांची रुंदी किती, उतार कोणत्या बाजूला, ते मोजून कळवावं. खुर्चीची रुंदी सहासष्ट सेंटिमीटर धरावी. खुर्चीवर बसून पाहिलं तर बरं.’ खाली तुझी सही. ‘बाबा’ नाही, ‘उस्ता’ नाही, साधं ‘तुम्ही’सुद्धा नाही.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? गुण्या आणि मोजपट्टी घेऊन चाळीस वर्षं मी दारं बसवतोय, एक कवाड कधी घासलं नाही, आणि मला ही सांगते मोजायला! पत्र खिशात घालून मी तटाला एक अख्खी फेरी मारली. मग दुसरी मारली. मग ओयजमोल काकूंची खुर्ची घेतली आणि तिच्यात बसलो.

तुला हसायचं असेल तर हस. कुवांदिक ढकलत होता. पहिल्याच वळणावर कुराणवाले हाजी भेटले. कुवांदिकला म्हणाले, “काय झालं रे ह्याला?” कुवांदिक म्हणाला, “काही नाही, जरा फिरवून आणतो.” “बरं बरं. ह्याला पाणीबिणी पाजत जा.” मी समोर बसलोय! दोघांच्या मधोमध! ह्याच हाजींच्या घराचं दार मी कोरलंय, दर शुक्रवारी आम्ही एका चटईवर बसतो. मी बोलायला तोंड उघडलं तर हाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग कुवांदिकला घालवून दिलं आणि स्वतःच्या हाताने चाकं फिरवायला घेतली. तळहात सोलले. पण आणखी एक झालं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सय्यदांच्या घरापाशी दम लागला म्हणून थांबलो. त्यांचं दार माझंच, वीस वर्षांपूर्वीचं. वरचा वेल, मधला तारा, लोक फोटो काढतात. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं माहीत आहे? कवाडाचा खालचा भाग. तो भाग मी कधी मन लावून केलाच नाही. वाकावं लागतं, पाठ दुखते, आणि तिथे बघतंय कोण? शिकाऊ हातांना द्यायचो. पानांची टोकं बोथट आहेत, एका जागी पटाशी निसटलेली तशीच आहे. मग मी सगळ्या शहरात माझी दारं बघत फिरलो. सगळीकडे तेच. खाली मत्याकूब उस्ता नाहीच.

चार वर्षं तू हेच बघत होतीस ना? कधी बोलली नाहीस.

मोजमापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. जाळ्या सात, त्यांपैकी चार टाळता येतात. खांबांच्या जुन्या मशिदीला पायऱ्या आहेत, पण बाजूच्या दाराला नाहीत. किल्ली रखवालदाराकडे असते, मी त्याच्याशी बोललो आहे. मदरशांच्या आत जायला तिकीट लागतं, पण गल्लीतून दारं बघायला कोणी काही मागत नाही. खिसा हलका असलेल्याला या शहरातलं अर्धं सोनं फुकटच आहे.

मत्याकूब

खिवा, २४ मार्च

पोरी,

नवरोज पार पडला. तुझ्या आईने मोहल्ल्याच्या कढईत गव्हाच्या अंकुरांचं सुमलक ढवळताना मागणं मागून तुझ्या नावाने एक खडा टाकला, दरवर्षीसारखा. तो दरवर्षी माझ्याच वाटीत येतो. मी तो बाजूला काढून ठेवतो.

तर ऐक, मोठी बातमी. मी सगळं निकालात काढलंय! ज्या तीन जाळ्या टाळता येत नाहीत, ज्या दोन जागी पायऱ्या आहेत आणि बुरुजाकडे जिथे चढ आहे, तिथे प्रत्येक ठिकाणी चार-चार माणसं उभी करणार आहे. मोहल्ल्याने हाक दिली की कामाला नाही कोण म्हणतो? चोवीस जणांची नावं लिहून घेतली. नानवाल्याचे तिघे भाऊ, दोन पैलवान, झाडून सगळे. तुम्ही आलात की अलगद उचलायचं, अलगद ठेवायचं. पाहुण्यांच्या चाकाला खिव्याची धूळसुद्धा लागणार नाही. कुवांदिक म्हणतो, वर्तमानपत्रवाल्यालाही बोलवू.

सहा वर्षांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

आणि एक बोलून टाकतो. तू गेलीस ती उंबऱ्यावरून. मोहल्ला मला दोष देतो, तुझी आई देते, तूही देत असशील. पण तू मला उंबरा कापायला सांगितलं होतंस. माझ्या आजोबांनी गुजुमच्या अखंड खोडातून घडवलेला उंबरा! नवऱ्या मुली वाकून त्याला हात लावून घरात आल्या. त्यावर कधी कोणी पाय ठेवला नाही, कोणी बसलं नाही, त्याच्या अलीकडून पलीकडे कोणी सलामसुद्धा केला नाही. तो मी करवतीने कापायचा? मी होतो ना तुला उचलायला. दिवसातून दहादा उचललं असतं. कुरकुर केली का कधी?

ते जाऊ दे. या सगळे.

तुझा बाबा

खिवा, १ एप्रिल

इंतिझोर,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. ‘आम्हाला उचलणारे नकोत. वाट हवी. मुक्कामाला तटाच्या आत स्वस्त जागा असल्यास कळवावी, दार किमान सत्तर सेंटिमीटर, पायरी नको.’

चोवीस जणांना आता मी काय सांगू? नानवाल्याचा मधला भाऊ कालपासून चहाखान्यात दंड दाखवत फिरतोय. कुवांदिकला सांगितलं तर तो म्हणाला, “पोरगी तुझ्यावर गेलीय.” म्हटलं, “माझ्यावर गेली असती तर दोन ओळींत थांबली असती का?”

मुक्कामाची जागा शोधतोय. तीन दिवस झाले, पाय जागेवर ठरत नाहीत. सकाळी निघतो, दुपारी जेवायला येतो, पुन्हा निघतो. पश्चिमेकडचं पाहुण्यांचं घर स्वस्त आहे, पण खोल्या वर आणि जिना कोंबडीच्या शिडीएवढा. बुरुजाजवळच्या घराला पाच पायऱ्या. विधवा बाईच्या घराचं अंगण चांगलं, पण न्हाणीघराचं दार पंचावन्न. मालकीण म्हणाली, “चौकट काढ ना, तू सुतार आहेस की!” काढलीही असती, भिंत पडली असती.

सगळं मोजून झाल्यावर तटाच्या आत एकच घर उरतं. पाच खोल्या, सगळ्या एकाच पातळीवर, अंगणाच्या भोवती. दारं पंच्याहत्तर. न्हाणीघर रुंद, कारण ते नऊ-दहा वर्षांपूर्वी एका मुलीसाठी रुंद केलं होतं. भाडं नाही. बाई रांधते बरी, शिवित ओशीच्या हिरव्या शेवयांत शेपू हात राखून घालत नाही. एक खोट आहे. बाहेरच्या दाराला उंबरा. उंची एक वीत, दोन बोटं.

तो मी काढतोय. तुला हवं होतं तसंच. करवतीला धार लावून ठेवली आहे, तू हो म्हणालीस की त्याच दिवशी कापीन. कुवांदिक म्हणतो, पाप लागेल. लागू दे.

मत्याकूब

खिवा, ८ एप्रिल

पोरी,

तुझी एकच ओळ. ‘मी फळी मागितली होती.’

हे पत्र समितीच्या नावाने नव्हतं. पाकिटावर माझं नाव होतं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि तुझ्या आईला म्हटलं, “बघ, काय लिहिते! म्हणे फळी.” ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “फळीच मागितली होती पोरीने. मी तिथेच होते.”

“कापायला सांगितलं होतं तिने.”

“मत्याकूब,” ती म्हणाली. नावाने हाक मारली, जी ती मारत नाही. “तुला सहा वर्षं तसं म्हणायचं होतं, मी म्हणू दिलं. आता पोरीनेच लिहिलंय. आता पुरे.”

आज लिहितो.

तू फळी मागितली होतीस. मला आठवतं, शब्दन् शब्द आठवतो. तू म्हणालीस, ‘बाबा, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उतरती फळी टाका. उंबऱ्याला चाक लागणार नाही, आणि मला तुमची वाट बघावी लागणार नाही.’ फळ्या कारखान्यात पडलेल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम. मी दुसऱ्यांची दारं बसवायला बुखाऱ्यापर्यंत गेलो, आणि सहा वर्षांत माझ्या घरच्या दाराला तो अर्धा तास मिळाला नाही.

का ते सांगतो. ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. फळी टाकली असती तर येणारा-जाणारा विचारणार, हे काय? आणि मला सांगावं लागलं असतं, पोरीसाठी, कायमचं. उचलण्यात ते नव्हतं. उचलणं म्हणजे आजच्यापुरतं. आज उचलतो, उद्या बघू, परवा काय सांगावं, ती आपल्या पायांनी ओलांडेल. ताश्कंदच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं, घरी आणलं नाही. फळी टाकायची म्हणजे ते घरी आणायचं होतं.

आणि तो दिवस. त्याबद्दल मी कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. तू विसरली असशील अशी आशा धरून होतो, असल्या गोष्टी कोणी विसरतं जणू.

मी तीन दिवस बुखाऱ्याला होतो. तुला नकाशे काढण्याच्या कामासाठी मुलाखतीला जायचं होतं, आणि मी नव्हतो. आई बाजारात गेली होती. तू खुर्ची आधी बाहेर ढकललीस आणि मग स्वतः जमिनीवरून सरकत उंबऱ्यावर चढून बसलीस. मी गल्लीत शिरलो तेव्हा शेजारपाजार जमला होता आणि तू उंबऱ्यावर होतीस, धापा टाकत, हात खुर्चीकडे. आणि मी काय म्हणालो? जे माझ्या बापाने मला म्हटलं, आजोबांनी बापाला म्हटलं, जे या शहरात उंबऱ्यावर बसलेल्या प्रत्येक पोराला ऐकवतात. “उंबऱ्यावर बसू नये! ऊठ!”

तुला. सगळ्यांसमोर. ऊठ म्हणालो.

तोंडातून गेल्यावर मला कळलं. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू माझी कीव केल्यासारखं बघितलंस. मी धावलो, उचलायला वाकलो, आणि तू म्हणालीस, “हात लावू नका.” मग ओयजमोल काकूंनी आणि हाजींच्या सुनेने तुला खुर्चीत बसवलं. महिनाभरात तू ताश्कंदला गेलीस.

लोकांना वाटतं मी रीत म्हणून बोललो. तुलाही तसंच वाटत असेल. ते खरंच आहे. पण तो शब्द माझ्या तोंडात आधीपासून होता, पोरी. चार वर्षं रोज सकाळी तुझ्या खोलीच्या दाराशी उभा राहून मी मनात तोच म्हणत होतो. ऊठ. ऊठ ना. नको त्या दिवशी, नको त्या जागी तो मोठ्याने बाहेर पडला.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. माफ कर.

आज फळ्या टाकल्या. अर्ध्या तासात झाल्या. खुर्चीत बसून वर चढायला गेलो आणि मागे उलटलो. तुझी आई धावत आली आणि आधी हसली, मग लागलं का विचारलं. चार फूट फळी फार उभी होते, हे डोक्यावर टेंगूळ आल्यावर समजलं. किती लांब हवी ते कळव. आणि येणार की नाही, तेही कळव. स्टेशनावरून थेट दुसरीकडे गेलात तरी रस्त्याचे कागद तुमचेच आहेत. त्यासाठी माझ्या घरी यावं लागत नाही.

बाबा

खिवा, १३ एप्रिल

इंतिझोर,

‘एकास बारा.’ एवढंच लिहिलंस. पण तारेने लिहावं तसं दुसऱ्याच दिवशी लिहिलंस, आणि ‘बाबा’ लिहिलंस. ‘बाबा, एकास बारा.’ तुझ्या आईने ते पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवलं. मी ते उचललं की ती पुन्हा तिथेच ठेवते.

येणार की नाही ते लिहिलं नाहीस. विचारत नाही.

एकास बारा म्हणजे एक वीत दोन बोटं चढायला दहा फूट लागतात. आतून अंगण आहे, तिथे प्रश्न नाही. बाहेर गल्ली आठ फुटांची. म्हणून भिंतीला धरून वळवली, मधे थांबायला चौकोन केला. उंबऱ्याच्या वरून फळी दोन बोटं उंच जाते. तो खाली जसाच्या तसा आहे, कुणाचा पाय नाही, कुणाचं चाक नाही. कडेला पट्टी लावली, म्हणजे चाक घसरणार नाही. गुजुमच्याच फळ्या घेतल्या.

गल्लीतल्यांची कुरकुर चालू आहे. नानवाल्याची हातगाडी आता अंग चोरून जाते. कुवांदिक म्हणाला, “उस्ता, पाहुणे गेल्यावर काढशील ना?” मी रंधा मारत होतो, ऐकू आलं नाही.

काल सगळं झाल्यावर स्वतःच्या हातांनी वर चढलो. दोनदा थांबलो. पण मागून कोणी नव्हतं. वर पोहोचल्यावर मला जे वाटलं ते लिहायला गेलो तर तू म्हणशील, आता कळलं.

हो. आता कळलं.

बाबा

खिवा, २३ एप्रिल

पोरी,

तुम्ही दोन दिवस राहिलात, नऊ जणांनी माझं घर दणाणून सोडलं, तुझ्या त्या दाढीवाल्या मित्राने अंडं भरलेले बारा तुखुम बराक खाऊन तेरावा मागितला, आणि एवढ्यात आपण दोघं एकदाही नीट बोललो नाही. तू जाळ्यांबद्दल बोललीस, मी बिजागऱ्यांबद्दल. म्हणून कागद.

शनिवारी सकाळी तू सगळ्यांच्या पुढे आलीस. फळीपाशी आल्यावर तू मला सलाम केलास, मी केला, आणि तू वळून चढायला लागलीस. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तुझी पाठ माझ्याकडे होती. माझे हात पुढे गेले. मी नेले नाहीत, ते गेले. खुर्चीच्या मागच्या मुठींवर बसले. आणि तू मागे न बघता म्हणालीस, “हात, बाबा.”

मी ते काढले. कुठे ठेवायचे कळेना, म्हणून काखेत धरून उभा राहिलो. तू चढत होतीस आणि प्रत्येक ढकलीला माझे खांदे पुढे जात होते. कुवांदिक म्हणतो, लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं म्हाताऱ्याला उचकी लागलीय.

वर पोहोचून तू थांबलीस. बरोबर उंबऱ्यावर. पुढे जाईनास. दाराकडे बघत होतीस की दम खात होतीस, मला माहीत नाही. मागे तुझे मित्र ओळीने उभे, गल्ली भरलेली, तुझी आई आत हातात नान घेऊन. आणि कुवांदिकला राहवलं नाही. त्याचा दोष नाही, मला राहवलं नव्हतं. तो म्हणाला, “अगं पोरी, उंबऱ्यावर नाही थां...”

“बसू दे तिला,” मी म्हटलं.

“अरे पण, उस्ता...”

“बसू दे! तिचं घर आहे. हवं तितका वेळ बसू दे.”

आवाज फुटला माझा. रागावल्यासारखा आला. तू मागे वळली नाहीस, पण तुझे खांदे हलायला लागले आणि बराच वेळ हलत राहिले. तू हसत होतीस की रडत होतीस, ते मागून कळत नव्हतं. आईला समोरून दिसलं. मी तिला पाच वेळा विचारलं. ती सांगत नाही.

रविवारी गाडी सुटताना तुम्ही सगळ्यांनी हात हलवले, तू नाही हलवलास. पण खिडकीतून म्हणालीस, “आतल्या फळीला अजून एक बोट उतार द्या.” स्टेशनातून घरापर्यंत मी तेच म्हणत आलो, एक बोट, एक बोट. आल्या आल्या दिला.

काल कुवांदिक आला. हातगाडीचं गाऱ्हाणं होतं. म्हणाला, “पाहुणे गेले, उस्ता. आता फळी उचलून ठेव. लागेल तेव्हा टाकू.” आजवर ती नुसती टेकवलेली होती, दोन माणसांनी धरली की निघाली असती. तो गेल्यावर मी हातोडा घेतला. आम्ही कोरणारी माणसं, लाकडात लाकूड बसवतो, खिळा मारणाऱ्याला हसतो. मी वितीएवढे खिळे आणले आणि उंबऱ्याला धक्का न लावता, खालच्या आडव्या लाकडांना ठोकले, चौदा. गल्लीभर आवाज जात होता. हाजी बाहेर आले, बघून आत गेले. कोणी विचारलं नाही, हे काय. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तू आता उठणार नाहीस, इंतिझोर. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

येत जा.

बाबा